लेडी ग्रे आणि तापाच्या घड्या

नॉर्वेच्या लोकांना अर्ल ग्रे चहा उग्र वाटला. वाळवलेला मासा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून नाताळात मिटक्या मारत खाणारी ही माणसं, पण चहातला बर्गमॉटचा वास त्यांना सोसेना. मग ट्विनिंग्ज या लंडनच्या जुन्या चहावाल्यांनी थोडं पडतं घेतलं. बर्गमॉटचा जोर कमी केला, संत्र्याची आणि लिंबाची वाळवलेली साल घातली आणि अर्लसाहेबांच्या शेजारी त्यांच्या पत्नीला आणून बसवलं. 'लेडी ग्रे' हा चहा १९९४ मध्ये आधी नॉर्वेत विकायला आला, ब्रिटनमध्ये १९९६ मध्ये. नवरा उग्र म्हणून बायको सौम्य, हे गणित ज्याने कोणी मांडलं त्याचा संसार तसा असेल. आमच्याकडे कडक चहा मी पिते आणि 'जरा पाणी घाल' असं हे म्हणतात.

बर्गमॉट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण आपल्या मंडईत ते कधी दिसत नाही. इटलीच्या नकाशात बुटाचा आकार दिसतो, त्या बुटाच्या टोकाला कॅलाब्रिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या समुद्रकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीत जगातलं बहुतेक सगळं बर्गमॉट पिकतं. लिंबू-संत्र्याच्या कुळातलं, साधारण संत्र्याएवढं, आधी हिरवं आणि मग पिवळं होत जाणारं हे फळ. रस आंबट आणि वर कडवट, त्यामुळे सोलून खायला कोणी बसत नाही. सगळी किंमत सालीला. साल दाबून तेल काढतात, तेही शंभर फळांमागे जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम. पूर्वी हे काम हातानेच चाले. फळाची साल स्पंजावर दाबायची, तेल स्पंजात मुरलं की स्पंज पिळायचा. आत फळ आहे की नाही याची फिकीर न करता सालीला जपायचं, ही गोष्ट आपल्या आज्यांना समजावून सांगावी लागली नसती. संत्र्याची साल गच्चीवर वाळवून, कुटून दिवाळीच्या उटण्यात घालणाऱ्या बायका त्या. बर्गमॉट मिळालं असतं तर तेही कुटून ठेवलं असतं.

माझी धाकटी नणंद लीड्सला असते. ती आली की बॅगेतून आधी चॉकलेटं निघतात, मग न बसणारे स्वेटर. या खेपेला लेडी ग्रेचा डबा निघाला, आणि तुलनेसाठी म्हणून अर्ल ग्रेचीही एक पुडी. तिने स्वतः चहा केला, कप सासूबाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, हा बिनदुधाचा प्यायचा असतो."

"का गं, दूध संपलं?" सासूबाईंनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

दूध होतं, हे मी सांगितलं. त्यावर त्यांनी कप नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि न पिताच निकाल दिला. "हा तर तापाच्या घड्यांचा वास!"

नणंदेला काही उमगेना. तिच्या लहानपणापर्यंत तापाची गोळी घरोघरी पोचली होती. पण पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना मी काय म्हणते ते कळलं असेल. कपाटाच्या वरच्या फळीवर यूडीकोलनची एक छोटी बाटली असे. एरवी तिला हात लावायचा नाही. ताप चढला की वाटीतल्या गार पाण्यात त्याचे थेंब टाकायचे, रुमालाची घडी बुडवून पिळायची आणि कपाळावर ठेवायची. घडी गरम झाली की उलटायची. त्या वासात शाळा बुडाल्याचा आनंद असे, आई उशाशी बसल्याचं सुख असे आणि मऊ भाताचा कंटाळा असे.

तर हे यूडीकोलन म्हणजे कोलोनचं पाणी. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना नावाच्या इटालियन गृहस्थाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते बनवलं, त्याच्या घराण्याची पेढी १७०९ सालची. त्यातला मुख्य वास लिंबूवर्गी फळांचा, आणि त्यांत बर्गमॉट मानाच्या जागी. सासूबाईंनी इटली पाहिलेली नाही, बर्गमॉट हे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तरी कॅलाब्रियातलं फळ त्यांनी कपाच्या वाफेवरून बरोबर ओळखलं. वाइनच्या चवीचा निवाडा करणारी पगारी माणसं परदेशात असतात म्हणे. त्यांच्यापैकी कितीजणांना डोळे मिटून हे जमलं असतं याची मला शंका आहे.

मग मी तो चहा रीतसर प्यायचं ठरवलं. रीतसर म्हणजे पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, पत्तीवर पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि तीन मिनिटं थांबायचं. ही तीन मिनिटं मराठी बाईला फार जड जातात. काही उकळत नाही, काही ढवळायचं नाही, उतू जायची धास्ती नाही. ओट्यापाशी नुसतं उभं राहायचं. तेवढ्यात मी दोन भांडी विसळली आणि नणंदेने मला "वहिनी, थांब ना जरा" असं दटावलं.

डबा उघडल्याबरोबर संत्रं पुढे येतं. पत्तीत सालीचे वाळके तुकडे दिसतातही. मागोमाग लिंबू, आणि बर्गमॉट जरा आत, दाराआड. कपात रंग तांबूस सोनेरी, तळ दिसेल इतका स्वच्छ. पहिल्या घोटाला माझी निराशा झाली. जिभेला कळलं ते इतकंच की पाणी गरम आहे आणि किंचित तुरट आहे. पण घोट गिळल्यावर घशाच्या मागच्या वाटेने वास वर नाकात चढतो आणि चहा तिथे सुरू होतो. खरं वाटत नसेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. कोरा चहा, बाकी काही नाही. चिमूट सोडा, संत्रं हजर. आपल्याला चव म्हणून जे कळतं त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं आणि श्रेय जीभ घेऊन जाते. घराघरांत हे चालतंच.

शेजारी अर्ल ग्रेचा कप ठेवला तेव्हा नॉर्वेकरांचं दुखणं कळलं. अर्ल थेट अत्तराची बाटली उघडून समोर येतो. कपाआधी त्याचा वास खोलीत शिरतो. लेडी ग्रेत तोच वास सालीच्या गोडसर आडोशाला बसतो. पहिल्या दोन घोटांत फरक थोडा वाटला, पण कप निवत आल्यावर अर्ल कडसर झाला आणि बाईसाहेब तशाच राहिल्या. थंड झाल्यावरही बरा लागणारा चहा मी तरी याआधी प्यायलेला नव्हता. उन्हाळ्यात बर्फ घालून तो आणखी चांगला लागेल असं मला तेव्हाच वाटलं, आणि मे महिन्यात ते खरं ठरलं.

आता यातही फुलांचे प्रकार आहेत. कोणी लॅव्हेंडर घालतं, कोणी गुलाबपाकळ्या, कोणी कॉर्नफ्लॉवर नावाच्या निळ्या रानफुलाच्या पाकळ्या. लॅव्हेंडरचं बर्गमॉटशी चांगलं जुळतं, कारण दोघांच्या वासाचा बराचसा भाग एकच. लिनॅलूल आणि त्याचंच भावंड लिनॅलिल ॲसिटेट ही द्रव्यं दोघांकडेही भरपूर आहेत. लिनॅलूल आपल्या धन्यातही असतं, आणि गंमत म्हणजे खुद्द चहाच्या पानातही असतं. म्हणजे बर्गमॉट चहाकडे पाहुणा म्हणून आलेला नाही. पानाच्या अंगी जे मुळात थोडं होतं, तेच वरून आणखी ओतलं गेलं. निळ्या पाकळीला मात्र म्हणण्यासारखी चव नाही. लग्नाच्या पंगतीत ताटाभोवती रांगोळी असते तशी ती डब्यात असते. तिची चव विचारायची नसते.

चहात असलं काही घालावं का, हा प्रश्न आमच्याकडे त्या संध्याकाळी निघाला. ज्या घरात चहात आलं पडतं, पावसाळ्यात गवती चहा पडतो, सर्दी झाली की तुळस आणि सुंठ पडते आणि पाहुणे आले की वेलदोडा पडतो, त्या घराने हा प्रश्न विचारू नये असं माझं मत आहे. गवती चहाच्या पात्यात सिट्रल असतं, तेच लिंबाच्या सालीत. पुण्याच्या अमृततुल्यांतला चहा दुधात रटरटून उकळतो आणि त्यात वेलदोडा ठेचून पडतो. शुद्ध चहाचा आग्रह धरायचा आपल्याला काही अधिकार उरलेला नाही. फरक इतकाच की आपण वास पातेल्यात उकळून दुधात मुरवतो, आणि तिकडे तो वाफेवर ठेवतात. आपलं आलं उकळीला टिकतं, किंबहुना उकळल्याशिवाय ते अंगात येत नाही. बर्गमॉटचं तेल उडून जाणारं. त्याला उकळी सोसत नाही.

याचा पुरावा दुसऱ्याच दिवशी सकाळी मिळाला. हे माझ्याआधी उठले, समोर जो डबा दिसला तो उचलला आणि नेहमीप्रमाणे आलं, साखर, दूध घालून चहा उकळला. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा सासूबाई पातेल्यापाशी दूध फाटण्याची वाट पाहत उभ्या होत्या. संत्र्या-लिंबाची साल म्हटल्यावर दूध नासणारच, असा त्यांचा हिशेब. पण दूध नासलं नाही. आम्ल असतं ते रसात. सालीत तेल असतं, आणि वाळक्या सालीच्या चिमटीने दूध काही फाटत नाही. फाटला तो वास. त्यातला अर्धा उकळीबरोबर एक्झॉस्ट फॅनमधून शेजारच्या इमारतीकडे गेला आणि उरलेला दुधातल्या स्निग्धांशाने धरून ठेवला. असली तेलं पाण्यापेक्षा सायीत जास्त रमतात, मग ती वर येऊन नाकाला भेटत नाहीत. ह्यांनी कप संपवला, बशी बाजूला सारली आणि म्हणाले, "बरी आहे पत्ती. पण जरा कमी पडते."

बरोबरच होतं त्यांचं. आपल्या दुधाच्या चहासाठी जी चहापूड लागते ती दाणेदार. यंत्राच्या दातेरी रुळांत पान चिरडून, फाडून, वळून केलेली. ती पाण्यात पडली की लगेच रंग सोडते आणि दुधाला पुरून उरते. बर्गमॉटचं तेल घालायला अनेकदा हलका, लांब पानाचा चहा निवडतात, म्हणजे वास वर राहतो. दुधापुढे तो टिकायचा नाही.

आता साहेबांविषयी. चार्ल्स ग्रे, दुसरे अर्ल ग्रे, १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्यांच्या चहाची जी कथा डब्यांवर सांगतात ती अशी की, अर्लच्या एका माणसाने चीनमध्ये कुणा मंडारिन अधिकाऱ्याच्या मुलाला बुडताना वाचवलं आणि त्या उपकारापोटी हा चहा भेट आला. अर्ल स्वतः चीनला कधी गेले नाहीत. त्यांच्या नॉर्दंबरलंडमधल्या हॉविक हॉलची कथा वेगळी आहे. तिथल्या पाण्यात चुन्याचा अंश, तो झाकायला एका चिनी जाणकाराने बर्गमॉट सुचवलं, लेडी ग्रे यांनी तो चहा लंडनच्या राजकीय मेजवान्यांत पाहुण्यांना दिला आणि सगळ्यांनी त्याची चौकशी केली. ही कथा मला जास्त आवडते, कारण तिच्यात निदान कुणीतरी पाण्याची चव घेतलेली आहे आणि कुणीतरी पाहुण्यांचं बघितलेलं आहे. पण कागदपत्रं दोन्हींना आधार देत नाहीत. उलट १८३७ मध्ये लंडनच्या एका चहा-व्यापाऱ्यावर चहात बर्गमॉट मिसळून तो विकल्याचा ठपका आला होता. अर्ल तेव्हा हयात होते. म्हणजे त्यांच्या हयातीत हा वास उच्चभ्रूपणाची खूण नव्हता, हलक्या चहाला भारी भासवायची ती युक्ती होती. अर्लचं नाव जाहिरातींत या चहाला ठळकपणे चिकटलेलं दिसतं ते १८८०च्या दशकात, त्यांना जाऊन चार दशकं होत आली तेव्हा.

लेडी ग्रे यांचं त्याहून नवल. मेरी एलिझाबेथ त्यांचं नाव, जन्म १७७६चा, लग्न १७९४ मध्ये, मुलं दहा आणि मुली सहा. एवढ्या लेकुरवाळ्या बाईला एक कप चहा गरम असेपर्यंत प्यायला मिळाला असेल का, याचीच मला काळजी वाटते. १८६१ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर १३३ वर्षांनी, ज्या चहाची त्यांनी कल्पनाही केली नसेल त्याला त्यांचं नाव मिळालं, आणि तेही नॉर्वेत.

पण अर्लचा चहाशी संबंध नाही असं म्हणून मला हात झटकता येत नाहीत. त्यांच्याच सरकारने १८३३ मध्ये कायदा करून ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारावरची मक्तेदारी काढून घेतली. तोवर ब्रिटनला पोचणारा चहा म्हणजे कंपनीने चीनमधून आणलेला चहा. मक्तेदारी जाणार म्हटल्यावर हिंदुस्थानातच चहा पिकवता येईल का, याची घाई सुरू झाली. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी १८३४ मध्ये त्यासाठी समिती नेमली. आसामात तर हे झाड रानातच उगवत होतं आणि सिंगफो लोक त्याची पानं पिढ्यान्‌पिढ्या उकळून पीत होते. समितीला ते सापडलं एवढंच. जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाची पहिली खेप लंडनला लिलावात गेली. पुढे मळे वाढले, त्या मळ्यांवर मजुरांचे फार हाल झाले, आणि कालांतराने तो चहा आपल्या पातेल्यात येऊन पडला. ज्या चहाच्या डब्यावर अर्लचं नाव आहे त्यात त्यांचा हात दिसत नाही. ज्याच्यावर त्यांचं नाव नाही, त्या आपल्या सकाळच्या चहात तो आहे. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्याच्या नावाने आल्याचा चहा काढा म्हणावं."

एक धोक्याची सूचनाही नोंदवायला हवी. २००२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका ऑस्ट्रियन गृहस्थाची हकिगत छापून आली. वय ४४. रोज चार लिटरपर्यंत काळा चहा पिणारा. नेहमीच्या चहाने पोट दुखतं म्हणून तो अर्ल ग्रेकडे वळला, आणि आठवड्याभरात पायात गोळे यायला लागले, मग हातातही. पुन्हा साध्या चहावर गेल्यावर त्रास गेला. बर्गमॉटच्या तेलातल्या बर्गाप्टेन या द्रव्यावर डॉक्टरांनी संशय घेतला. हे वाचून मी थोडी घाबरले, मग चार लिटर म्हणजे आपले किती कप होतील याचा हिशेब केला आणि निवांत झाले. आमच्याकडे चार लिटर चहा झाला होता तो फक्त मुंजीच्या दिवशी.

तर माझं मत असं की हा चहा चांगला आहे, फक्त तो चहाच्या जागी ठेवू नये. झोप उडवायला, प्रवासाला निघताना, भांडण मिटवायला किंवा सुरू करायला तो उपयोगाचा नाही. तिखटाशी त्याचं पटत नाही. कांदेपोह्यांबरोबर घेतला तर दोघांचाही अपमान होतो. नानकटाईबरोबर मात्र फार छान लागतो, आणि साध्या ग्लुकोज बिस्किटाबरोबरही, बिस्किट बुडवलं नाही तर. संत्र्याच्या बर्फीबरोबर घेऊन पाहिला, तेव्हा बर्फी जिंकली. सासूबाई आता तो दुपारी अर्धा कप घेतात, दूध न घालता, आणि त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना खपत नाही.

तुमच्याकडेही असा एखादा डबा कुणी परदेशातून आणलेला असेल आणि तो चांगला आहे म्हणून काचेच्या कपाटात बसला असेल. तो बाहेर काढा. त्यातला वास रोज थोडा थोडा उडतो आहे आणि वर्षभराने आत नुसती पत्ती उरेल. दुपारी घर शांत झालं की उकळत्या पाण्यात तीन मिनिटं झाकून ठेवा आणि दूध न घालता प्या. साखर लागत असेल तर घाला, त्याने वास बिघडत नाही. आणि पाहुण्यांना देणार असाल तर आधी आपला नेहमीचा चहा द्या, मग हा.